वेदांकडून वावराकडे

२७ डिसेंबर ही तारीख अमरावती-अकोल्याकडे शिकलेल्या कोणालाही वेगळी सांगावी लागत नाही. भाऊसाहेबांची जयंती. सकाळी प्रभातफेरी, तसबिरीला हार, मग वक्तृत्व स्पर्धा. शिक्षणमहर्षी आणि कृषिमंत्री हे दोन शब्द प्रत्येक भाषणात हमखास यायचे आणि टाळ्याही त्यांच्यावरच पडायच्या. नावाआधीच्या ‘डॉ.’कडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नसे. डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय डॉक्टर नव्हते आणि शेतीशास्त्रातलेही डॉक्टर नव्हते. ऑक्सफर्डने त्यांना ती पदवी दिली ती वैदिक वाङ्मयातील धर्माच्या अभ्यासासाठी. संस्कृत शिकलेला माणूस देशाच्या शेतीखात्याचा मंत्री झाला, हे आपण इतक्या सहजपणे ऐकत आलो की त्यात विचारण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही.

या स्मरणिकेसाठी हा विषय घेण्याचे कारण घरगुती आहे. संमेलनाच्या निमित्ताने आपल्या बॅचची माहिती गोळा झाली, ती पाहताना एक गोष्ट ठळक दिसली. शिक्षणाच्या रकान्यात एक आणि व्यवसायाच्या रकान्यात दुसरेच, असे निम्म्याहून अधिक जण. कृषी पदवीधर बँकेत, इंजिनिअर शिकवणी वर्गात, एक फार्मसीवाला कोर्टात. आता तीच पाळी आपल्या मुलांवर आली आहे. पदवी हातात पडते, पेढे वाटून होतात आणि महिन्याभरात पोरगी सांगते की तिला आता वेगळेच काही शिकायचे आहे. मग आपल्याकडे जेवणाच्या ताटावर जी शांतता पसरते ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. इतकी वर्षे आणि इतका पैसा घातला तो कशासाठी, असे बाप तोंडाने म्हणो न म्हणो, हिशेब मनात सुरू झालेला असतो. भाऊसाहेबांचे आयुष्य या हिशेबाच्या बाजूने वाचून पाहावे असे वाटले.

जन्म १८९८चा, गाव पापळ, जिल्हा अमरावती. मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख झाले. वडील शामराव, आई राधाबाई, घर शेतकऱ्याचे. गावात शाळा तिसरीपर्यंतच होती, म्हणून पुढचे शिक्षण चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल असे तुकड्यातुकड्याने झाले. ज्यांनी आपल्या वर्गात बाहेरगावाहून येऊन, खोली करून शिक्षण घेतले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गावाची शाळा संपली की घर सोडायचे, हा वऱ्हाडातल्या शिक्षणाचा जुना नियमच होता. मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९२० साली तिथून थेट इंग्लंडला.

त्या काळी शेतकऱ्याच्या घरातून विलायतेला मुलगा पाठवणे म्हणजे काय, हे आजच्या एज्युकेशन लोनच्या भाषेत सांगता येणार नाही. पऱ्हाटीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि भाव कोसळला तर तोही येत नाही. विलायतेचा खर्च मात्र दर महिन्याचा. अशा घरातून गेलेल्या मुलाने शिकावे तर काय, याचे उत्तर तेव्हा सगळ्यांनाच पाठ होते: बॅरिस्टर व्हावे किंवा आय.सी.एस. व्हावे. या मुलाने एडिनबरा विद्यापीठात संस्कृत घेतले.

इथे जरा थांबले पाहिजे, कारण त्यांच्या आयुष्यातला विषयबदलाचा पहिला धक्का हा आहे आणि तो पदवीच्या नंतरचा नसून आधीचा आहे. वेद हे कोणी शिकायचे यावरून महाराष्ट्रात थोड्याच वर्षांपूर्वी मोठे वादळ झालेले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या वेदोक्त प्रकरणाची आठवण ताजी होती. अशा वेळी पापळच्या कुणब्या-मराठ्यांच्या घरातला मुलगा वेद शिकतो, तेही स्कॉटलंडमध्ये जाऊन. त्याने काय मनात धरून हा विषय निवडला यावर तर्क करण्यात अर्थ नाही. पण तो विषय त्याच्यासाठी परंपरेने राखून ठेवलेला नव्हता, एवढे नक्की.

एडिनबऱ्याला तेव्हा संस्कृतचे प्राध्यापक होते आर्थर बेरीडेल कीथ. हा माणूसही मोठा गमतीचा. वेद, संस्कृत नाटक, मीमांसा यांवर ग्रंथ लिहिणारा हा पंडित स्वतः बॅरिस्टर होता. प्राध्यापक होण्याआधी त्याने ब्रिटिश सरकारच्या वसाहत खात्यात नोकरी केली होती, आणि ब्रिटिश साम्राज्याच्या राज्यघटनेवरचे त्याचे ग्रंथ आजही कायद्याच्या ग्रंथालयांत सापडतात. म्हणजे दोन विषय एका डोक्यात सुखाने नांदू शकतात, याचे चालतेबोलते उदाहरण भाऊसाहेबांच्या विभागातच होते.

एडिनबऱ्याहून संस्कृतची एम.ए. झाली, तिथली व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे ऑक्सफर्डहून डी.फिल. प्रबंधाचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. याच मुक्कामात ते बॅरिस्टरही झाले. बॅरिस्टरीचा त्या वेळचा रिवाज आजच्या मुलांना सांगितला तर हसतील: परीक्षा तर द्यायच्याच, पण कायद्याच्या त्या संस्थेत ठरावीक संख्येने जेवणेही घ्यावी लागत. तेवढी जेवणे झाल्याशिवाय टर्म भरत नसे. बरेच हिंदी विद्यार्थी एकीकडे विद्यापीठाची पदवी आणि दुसरीकडे ही जेवणे असे दोन्ही सांभाळत. त्याच सुमारास लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी ही जोडी अशीच ओढत होते.

मला यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की भाऊसाहेबांनी एक वाट सोडून मग दुसरी शोधली असे झाले नाही. पहिली पूर्ण चालून होईपर्यंत दुसरीचे दगड टाकून झाले होते. आणि पहिली अर्धवट टाकली नाही. प्रबंध पुरा केला, पदवी घेतली. तो ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९३३ साली छापला, तेव्हा लेखक नागपूरच्या राजकारणात आणि वऱ्हाडच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या प्रश्नात गळ्यापर्यंत बुडालेला होता.

१९२६ साली ते परत आले. संस्कृतातली मोठी पदवी घेऊन आलेल्या माणसासाठी एखाद्या महाविद्यालयातली प्राध्यापकी ही सरळ वाट होती. ती त्यांनी धरली नाही. अमरावतीत वकिली सुरू केली, आणि वकिलीही फार काळ मुख्य काम राहिली नाही. स्वामी श्रद्धानंदांची हत्या त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाली होती. त्यांच्या नावाने भाऊसाहेबांनी अमरावतीत छात्रालय काढले. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे. खर्च मुष्टिफंडातून. मुष्टिफंड म्हणजे घरोघरी रोजच्या स्वयंपाकातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते गोळा करून वसतिगृह चालवायचे. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा नसते, हे पापळ-चांदूर-कारंजा असा प्रवास केलेल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यासाठी ऑक्सफर्डही लागत नव्हते.

१९२७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार गर्दीचे. शेतकरी संघ काढला, ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र सुरू केले, आणि मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केले. ते आंतरजातीय होते आणि अमरावतीसारख्या गावात त्याची काय चर्चा झाली असेल याची कल्पना आपण करू शकतो. विमलाबाई लग्नानंतर शिकल्या, बी.ए. झाल्या, कायद्याची पदवी घेतली आणि पुढे राज्यसभेच्या सदस्यही झाल्या. या घरात शिक्षण कोणत्या वयात संपते याचे काही ठरलेले माप नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला. नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली इथे परिषद झाली. भाऊसाहेब मंदिर खुले करावे या बाजूने उभे राहिले. आता गंमत पाहा. संस्कृत सोडून आलेला हा माणूस, आणि पहिल्या मोठ्या लढाईत त्याच्या कामी आले ते संस्कृतच. देवळाच्या वादात समोरची बाजू नेहमी शास्त्राचा आधार दाखवते. सामान्य शेतकरी कार्यकर्त्याला तिथे गप्प बसावे लागे. इथे मात्र वेदांवर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतलेला माणूस उभा होता, त्याला शास्त्रात काय आहे आणि काय नाही हे दुसऱ्याकडून ऐकायचे नव्हते. पुढे १९३२ साली प्रांतिक कायदेमंडळात त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीबद्दल विधेयक आणले. देवस्थानांकडे साठलेला पैसा लोकांच्या शिक्षणासारख्या कामाला लागावा ही त्यामागची दिशा. त्याला विरोध झाला आणि ते पुढे सरकले नाही. पण त्या विधेयकाच्या मजकुरामागे वैदिक धर्माचा अभ्यासक आणि बॅरिस्टर असे दोघेही बसलेले दिसतात.

१९२८ला ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३०मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारात मंत्री. शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे आली. हाच तो मंदीचा काळ. कापसाचे भाव पार बसले होते. ज्या वावरावर कर्ज काढले त्या वावराचे उत्पन्न व्याजालाही पुरेना. सावकाराची वही फुगत गेली आणि जमिनी हातातून जाऊ लागल्या. या परिस्थितीत १९३३चा कर्ज लवाद कायदा झाला. कोर्टात फिर्याद-हुकूमनामा-जप्ती या रस्त्याने जाण्याआधी कुळ आणि सावकार यांना मंडळापुढे बसवायचे, मूळ रक्कम किती, व्याज किती हे तपासायचे आणि झेपेल अशी तडजोड व हप्ते ठरवून द्यायचे, अशी त्याची रचना. सगळ्यांचे कर्ज काही यातून फिटले नाही. सावकारी तर पुढे कितीतरी वर्षे राहिली. पण ज्यांच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर आज जमीन शिल्लक आहे, त्यांच्यातल्या काहींनी तरी घरातल्या जुन्या कागदांची पेटी उघडून पाहावी.

१९३३मध्येच त्यांनी मंत्रिपद सोडले.

श्री शिवाजी शिक्षण संस्था तिसाव्या दशकाच्या सुरुवातीला अमरावतीत उभी राहिली. तिच्याबद्दल या अंकात इतर लेख असतील, म्हणून मी फार लिहीत नाही. एकच सांगतो. संस्थेने खेड्यापाड्यांत हायस्कुले काढली, अमरावती-अकोल्यात महाविद्यालये काढली, शेतीचे महाविद्यालयही काढले. ज्याला तिसरीनंतर गाव सोडावे लागले त्याने गावाजवळ शाळा नेली. आपल्यापैकी किती जण घरातले पहिले मॅट्रिक होते, हे संमेलनात हात वर करायला सांगितले तर कळेल.

स्वातंत्र्यानंतर ते संविधान सभेत होते. तिथे शेतकरी आणि मागासलेले वर्ग यांचा प्रश्न ते मांडत राहिले. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे ते नेहरूंच्या सरकारात शेतीच्या खात्यात होते, मधला काही काळ सहकाराचे काम त्यांच्याकडे होते.

शेतीची पदवी नसलेल्या मंत्र्याने त्या खात्यात काय केले? एक उदाहरण भाताचे. जपानी पद्धतीने भात लावण्याची मोहीम त्यांच्या काळात देशभर जोरात चालली. गादीवाफ्यावर विरळ पेरून जोमदार रोपे तयार करायची, ती ओळीत ठरावीक अंतरावर लावायची, खत नीट द्यायचे आणि ओळीमधून कोळपणी-निंदणी करायची, असे तिचे साधे स्वरूप. नवे बियाणे नाही, मोठे यंत्र नाही. होते तेच बी, पण लावण्याची शिस्त वेगळी. आपल्या कापूस-ज्वारीच्या वऱ्हाडाला याचा थेट उपयोग थोडा, तो पूर्वेला भंडारा-चांद्याकडे जास्त. तरीही मंत्र्याने आपल्या जिल्ह्याच्या पिकापुरते पाहिले नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९५५ला त्यांनी भारत कृषक समाज काढला. १९५९च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्याच्या उद्घाटनाला हजर होते, आणि देशोदेशींची औजारे आपल्या शेतकऱ्याला दिल्लीत पाहायला मिळाली.

कोणी म्हणेल की ही सगळी मोठ्या माणसाची कहाणी आहे, आपल्या पोराबाळांना तिचा काय उपयोग. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. प्रत्येक पदवीबदलाच्या मागे ऑक्सफर्ड नसते. कित्येकदा नोकरी मिळत नाही म्हणूनच दुसरा कोर्स धरला जातो, आणि तिसरा धरायला घरात पैसा उरत नाही. भाऊसाहेबांना वकिलीचा आधार होता, नाव होते, वतनाचे घर होते. पण एक फरक मला दिसतो. त्यांनी आधी शिकलेल्या गोष्टीची लाज धरली नाही आणि ती मिरवलीही नाही. संस्कृतची गरज पडली तिथे ते बाहेर काढले, कायद्याची पडली तिथे कायदा. बाकीच्या वेळी वावराकडे पाहून जे शिकावे लागले ते शिकले.

आपल्या वऱ्हाडात हे एकटेच उदाहरणही नाही. अकोल्यात शिकलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पेशाने वकील, नावाजले विनोदी लेखक आणि नाटककार म्हणून, आणि त्याच माणसाने ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिला. मराठीच्या सरांनी त्यांचा विनोद शिकवला, गणिताच्या सरांपर्यंत ही बातमी कधी पोचली नसावी! (सर, हे वाचत असाल तर क्षमा असावी.)

१० एप्रिल १९६५ला दिल्लीत भाऊसाहेबांचे निधन झाले. विदर्भासाठी कृषी विद्यापीठ हवे, ते अकोल्याला हवे, यासाठी पुढे इथल्या लोकांना आंदोलन करावे लागले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते अकोल्यात स्थापन झाले आणि त्याला त्यांचे नाव देण्यात आले. तिथून निघालेले कापसाचे ‘पीकेव्ही हाय-२’ आणि ‘रजत’ हे वाण आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या वावरात पेरले गेले. पीकेव्हीची मिनी डाळ मिल तर वऱ्हाडाबाहेरही कितीतरी गावांत फिरते आहे, तुरीची डाळ करून देणाऱ्या बायकांच्या बचत गटांना तिने रोजगार दिला. पीकेव्ही या तीन अक्षरांमधला ‘पी’ कोणाचा, हे डाळ भरडायला आलेल्या गिऱ्हाइकाला माहीत असतेच असे नाही.

विद्यापीठात दरवर्षी शिवार फेरी असते. त्या दिवसांत शेतकरी बंडी, ट्रॅक्टर, एस.टी. मिळेल त्याने येतात, प्रयोगाच्या प्लॉटमधून फिरतात, वाणांच्या पाट्या वाचतात, बोंड हातात घेऊन दाबून पाहतात आणि शास्त्रज्ञांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतात. संमेलनानंतर जे अकोल्याच्या गाडीने परत जाणार आहेत त्यांच्यापैकी कोणाला जमले तर यंदा एकदा जाऊन यावे. ज्यांची मुले सध्या कोणता कोर्स धरावा या विचारात आहेत त्यांनी त्यांनाही सोबत न्यावे. मंडपाजवळ चहा चांगला मिळतो.